न झालेल्या युद्धाचा खर्च

आमची इंजिनियर कंपनी तेव्हा राजस्थानच्या सीमेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हुकूम आला तसे आम्ही मैलोगणती सुरुंग पेरले. सगळी फौज महिनोन्‌महिने वाळूत बसून राहिली. युद्ध झालंच नाही. वर्तमानपत्रांचा जोर ओसरला, गावोगावचे बॅनर उतरले आणि आम्हाला नवा हुकूम आला : पेरलेलं काढा.

पेरणं सोपं असतं, काढणं नाही. वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो. नकाशात एका जागी, जमिनीत दुसऱ्या. म्हणून सळईनं टोचत इंच इंच पुढं जायचं आणि तपासलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची. फितीच्या आत चालायचं, बाहेर पाय टाकायचा नाही. पहाटे सुरुवात, ऊन चढलं की काम बंद. घामेजल्या हातातून सळई निसटते.

एका रात्री वावटळ उठली. सकाळी पाहतो तर फीत ठिकठिकाणी उखडलेली. अशा वेळी वाट पुन्हा टोचून तपासायची, हा नियम. इतक्यात वायरलेस सेटवर वरून विचारणा झाली, "लेन क्लियर कधी? ओव्हर."

"दहापर्यंत. ओव्हर," मी म्हणालो आणि फीत अंदाजानं परत ताणली.

पुढं माझ्या सेक्शनचा जवान, सॅपर दिगंबर होता. लासूर स्टेशनचा, माझ्याच जिल्ह्यातला.

"उस्ताद, टोचू का परत?"

"कालच टोचलंय. चल."

तो सुरुंग माणूस मारायला बनवलेला नसतो, पाय न्यायला बनवलेला असतो. त्यानं आपलं काम केलं. दिगंबरचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, जवान कुठं होता? "फितीच्या बाहेर, सर." सेक्शनमधल्या बाकीच्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तेच सांगितलं. मी पुढं नायब सुभेदार झालो. दिगंबरला निष्काळजी ठरवलं, थोडी रक्कम हातात दिली, घरी पाठवलं. पेन्शन नाही.

रिटायर होऊन मी आमच्या जिल्ह्याच्या शहरात घर बांधलं. दिगंबर तिथंच बजाजनगरात, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. शहर वाळूजच्या कारखान्यांपार गेलं, पाणी काही त्याच्या मागं गेलं नाही. दुष्काळात टँकर यायचा तेव्हा त्याची बायको सुनंदा कामावर असायची. मग हाच नकली पायावर कळशी घेऊन दुसरा मजला चढायचा. असा पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, हे व्यासपीठावरून गर्जणाऱ्यांच्या गावीही नसतं. त्यानं जुनाच वापरला. थोटक्याला जखम झाली, ती चिघळत राहिली. मुलानं आयटीआय सोडून बापाच्या जागी गेटवर पाळी धरली. गेल्या वर्षी ते विष रक्तात भिनलं आणि दिगंबर गेला.

त्याच महिन्यात आमच्या कॉलनीतले एक निवृत्त बँक अधिकारी चहा पिता पिता म्हणाले, "एकदाचं युद्ध होऊनच जाऊ द्या, सुभेदारसाहेब. काय खर्च होईल तो सोसू आपण."

सोसू म्हणे. टँकरच्या वर्गणीवरून आठवडाभर भांडलेला हा गृहस्थ. मला त्याची किळस आली. मग लक्षात आलं, खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यात मी याचाही उस्ताद आहे.

दुसऱ्या दिवशी सुनंदाकडं गेलो. सगळं सांगितलं. मी खरा जबाब दिला तर केस पुन्हा उघडेल, तुम्हाला पेन्शन मिळू शकेल, असंही म्हणालो. तिचा भाकरी थापणारा हात थांबला नाही.

"हपिसात तर जायचंच. सोडत नाय मी तुम्हाला," ती म्हणाली. "पण आधी लासूरला चला. मामा अजून चारचौघांत म्हणतेत, पोरगं लई बेफिकीर होतं."

मामा म्हणजे तिचे सासरे, दिगंबरचे वडील. आम्ही पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते, शेजारी गावातली दोन-तीन माणसं. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

"परत सांगा," ते म्हणाले. "मोठ्यानं. ह्या लोकांना बी ऐकू जाऊ द्या."

मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"सॅपर दिगंबर फितीच्या आत होता. फीत मी चुकीची लावली होती."