विरजण घातलेलं पाणी

यंदाच्या चैत्रात गिरीजमध्ये एक बातमी फिरत होती की नरहरीकाकांना कुणीतरी न दिसणारे मासे विकले. वसई स्टेशनाजवळच्या कुठल्याशा दुकानदाराने त्यांना काचेची पेटी दिली, दिवा दिला, बुडबुडे सोडणारं यंत्र दिलं आणि "काका, नवीन जात आहे, आरपार दिसते" असं सांगून पैसे घेतले. याला साक्षीदार होता दूधवाला. त्याने खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: अंगात बनियन, चष्मा कपाळावर, पेटीत एक मासा नाही, आणि काका चिमटीने दाणे टाकतायत. वर घसा खाकरून म्हणतायत, "हंऽऽ. आता बघ, पोटभर खायचं. असं आहे."

यातलं दूधवाल्याने पाहिलेलं सगळं खरं होतं. पेटी रिकामी होती आणि दाणे पडत होते. पण काकांना कुणी फसवलं नव्हतं, आणि त्यांचं डोकंही ठिकाणावर होतं. उलट त्या पेटीच्या बाबतीत ते पहिल्यांदाच ठिकाणावर आलं होतं. त्याआधी जे झालं, ते वाईट झालं होतं.

काकांचा मुलगा प्रितेश बेंगळुरूला असतो. त्याची मुलगी राधिका पहिलीत. मे महिन्याच्या सुट्टीत ती गिरीजला यायची होती, आणि फोनवर तोंड दाखवून तिने एकच मागणं मागितलं होतं, आजोबांच्या घरी मासे हवेत. काकांची केळीची वाडी. त्यांच्या हातचं रोप मेलेलं गावात कुणी पाहिलेलं नाही. मासे म्हणजे काय मोठं, असं म्हणून ते त्याच दुपारी स्कूटर काढून गेले आणि पेटी घेऊन आले. सोबत पिशवीत चार ब्लॅक मॉली, काजळासारख्या काळ्या मासोळ्या. राधिकाने फोनवरूनच चौघींची नावं ठेवली.

आता चूक कुठे झाली, तर पाहुणचारात.

गिरीजच्या विहिरी उन्हाळ्यात खारटायला लागतात. केळीला, नारळाला चालतं. पण पाहुण्याला विहिरीचं पाणी दिलं तर घराची लाज जाते. दारात माणूस आला की जारचं पाणी, तेही घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यातून. काकांनी मासोळ्यांना तोच मान दिला. पेटीत जारचं गोड पाणी. रोज सकाळी सगळं उपसायचं, नारळाच्या काथ्याने काच घासायची, वाळू धुवायची, यंत्रातला स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि पुन्हा ताजं गोड पाणी भरायचं. लीलाकाकू कौतुकाने म्हणायच्या, "माझी भांडी कधी एवढी घासली नाहीत हो तुम्ही."

आठवडा संपायच्या आत चारही मासोळ्या गेल्या.

राधिका फोनवर रडली नाही. रडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, मग मी येते तेव्हा नका आणू. मला मेलेले नाही बघायचे." त्यानंतर काका दोन घास कमी जेवायला लागले. वाडीत जायचे, तर पाट फोडायचं सोडून बांधावर बसायचे.

शेवटी लीलाकाकूंनीच त्यांना इझाबेल मिसच्या घरी पाठवलं. मिस शाळेतून निवृत्त झालेल्या. काका आणि त्या लहानपणी एकाच वर्गात होते. त्यांच्या हॉलमध्ये येशूच्या तसबिरीखाली जुनी पेटी आहे, काच कडेने शेवाळलेली, आणि आतले मासे म्हातारे होऊन सुद्धा टुणटुणीत. मिसची एक खोड आहे, प्रश्न स्वतः विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.

"पाणी कुठलं घातलंस? जारचं. का घातलंस? पाहुणे म्हणून. नरहरी, मासा पाहुणा असतो काय? नसतो. तो तिथंच खातो, तिथंच हगतो. ते कोण साफ करणार? तू? तू नाही."

"मी रोज करत होतो ना साफ," काका म्हणाले.

"तेच तर झालं. माशाची घाण म्हणजे विष. ते विष खाणारे बारीक जीव असतात, ते राहतात कुठे? या स्पंजात. तू काय केलंस? रोज धुवून गटारात सोडलंस."

मग त्यांनी आपल्या पेटीतल्या यंत्राचा स्पंज काढला. चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. कात्रीने त्याचा एक तुकडा कापला, डब्यात पाणी घालून त्यात ठेवला आणि काकांच्या हातात दिला. "हा तुझ्या यंत्रात घाल. पाणी तुझ्या विहिरीचं. मॉलीला थोडं खारं, जड पाणीच मानवतं. मासे आणू नको. रोज चिमूटभर दाणे टाक. ते कुजतील, त्यावर हे जीव वाढतील."

काका घरी आले ते तो डबा अंगापासून लांब धरून. "हे बघ, मिसने काय दिलंय. दुसऱ्याच्या घरची घाण आपल्या पेटीत घालायची म्हणे."

लीलाकाकूंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावलं. "घाण कसली, विरजण आहे हे. दह्याला शेजारून आणतो तसं. घाला मुकाट्याने. आणि घातल्यावर सारखं ढवळायला जाऊ नका, दही मोडतं."

तर दूधवाल्याने पाहिलं ते हे. "पोटभर खायचं" म्हणत होते ते या विरजणाला.

मिसने एक बाटलीही दिली होती. पेटीतलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष आहे, थांबायचं. पिवळं झालं तर माशांना धोका नाही. ज्या माणसाचा जन्म हिरवं बघून खूश होण्यात गेला, तो आता रोज सकाळी हिरवी नळी बघून तोंड पाडायला लागला. केळ्यांचा लोंगर पिकायला घातल्यासारखी वाट बघायचे. लीलाकाकू आतून विचारायच्या, "पिकलं का हो?"

"नाय अजून. कच्चंच आहे."

राधिकाचं तिकीट झालं. नळी पोपटी झाली. राधिकाने बॅग भरली. नळी पोपटीच. आणि मग एके सकाळी काका नळी हातात घेऊन थेट मिसच्या दारात गेले, पायात चप्पल नाही. मिसने नळी उजेडात धरली. "पिवळं आहे काय? आहे. हा पिवळेपणा उद्या टिकेल काय? टिकला तर आण." टिकला. काकांनी चार मासोळ्या आणल्या, या वेळी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, पेटीतलं पाणी वाटीवाटीने पिशवीत मिसळलं आणि मगच त्यांना सोडलं. राधिकाला काही सांगितलं नाही. पुन्हा गेल्या तर तिला कळायलाच नको.

दिवस बरे गेले. पण राधिका यायच्या आदल्या दिवशी चौघींतली सगळ्यात जाड मासोळी पेटीत ठेवलेल्या मातीच्या कुंडीमागे जाऊन बसली. दाणे टाकले, ती हलली नाही. पोट फुगलेलं. काका बादली घेऊन आले.

"कुठे निघालात?" लीलाकाकू.

"पाणी बदलतो सगळं. घासून घेतो एकदा. डोळ्यांदेखत मरू देऊ काय?"

"नळी काय म्हणते?"

काकांनी नळी दाखवली. पिवळी.

"मग ठेवा बादली." आणि काकू खुर्ची ओढून पेटीसमोर बसल्या, भाजी निवडायला. संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. काका ओटीवर येरझाऱ्या घालत होते. नेमकी त्याच वेळी मी, त्यांची शेजारीण, तिथे गेले, आणि माझी जीभ काही गप्प राहिली नाही. म्हटलं, "काका, पैज. उद्या राधिका येईपर्यंत चौघींतली एक तरी कमी होणार. हरले तर पावसाळाभर पेटीतून दर आठवड्याला थोडं काढायचं ते पाणी मी केळीला वाहीन." काका असे चिडले की हातावर टाळी देऊन मोकळे झाले.

सकाळी रिक्षा दारात थांबली. राधिका आत आली ती पेटीसमोरच अडकली. काका दाराशीच उभे, पुढे जाईनात. मुलीने नाक काचेला चिकटवलं.

"आजोबा, चार मोठ्या आहेत. आणि हे डोळे कुणाचे?"

"कसले डोळे?"

"नुसते डोळे आहेत. पळतायत."

काका गुडघ्यांवर बसले. कुंडीमागून ती जाड मासोळी बाहेर आली होती, आता सडपातळ, आणि पेटीत सोडलेल्या पाणवनस्पतींच्या जुडग्यात तिळाएवढी पिल्लं इकडून तिकडे धावत होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग जमिनीवरच मांडी घालून बसले आणि पाठ भिंतीला टेकली. "लीला," ते म्हणाले, "अगं, बाळंतीण होती ती." आणि एवढा मोठा श्वास सोडला की राधिकाने वळून पाहिलं. त्या दिवशी काका पोटभर जेवले.

इझाबेल मिस येऊन बघून गेल्या. "मरणार होती काय? नव्हती. बादलीने धुतली असतीस तर मेली असती काय? असती." पिल्लांना मोठ्या मासोळ्यांनी खाऊ नये म्हणून आणखी जुडगा टाकायला सांगितला आणि जाताना माझ्याकडे बघून हसल्या.

पाऊस लागल्यापासून दर रविवारी माझ्या हातात दोन बादल्या. काका केळीच्या बुंध्याशी उभे राहून सांगतात, "आता बघ, एकदम नाय ओतायचं. मुळाला कळलं पाहिजे. असं आहे." बादल्या जड आहेत, आणि पावसाळा अजून अर्धा बाकी आहे.