पुढे तारा टाक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होतो. "भावजी, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. दाणे जळाले. त्याला आता दीड महिना होईल, तरी स्वयंपाकघरात तो वास अजून येतो. बायको म्हणते, येत नाही.

विनूदादा माझा आतेभाऊ. सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात पत्रं टाइप करायचा. नव्वदच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आला आणि आमच्या खानदानात दादाचा भाव वधारला. पुढे मीही एक सेकंडहँड मशीन घेतलं आणि थोरल्या लेकीचा लग्नाचा बायोडेटा अशा जागी ठेवला, की तो मलाच सापडेना. मध्यस्थ सोफ्यावर येऊन बसलेले. दादाला फोन लावला.

"नंद्या, फाइलच्या नावातलं काही आठवतंय का?"

"सुरुवात आठवते."

"मग तेवढं लिही, पुढे तारा टाक. बाकीचं ते शोधेल. आणि एकच अक्षर अडलं असेल, तर तिथे प्रश्नचिन्ह."

तारा म्हणजे ती चांदणीची खूण, ती कीबोर्डवर आठाच्या डोक्यावर असते आणि त्यासाठी शिफ्ट दाबावं लागतं, हे मला कळेपर्यंत मध्यस्थांचा दुसरा चहा झाला. मी आपला आठ बडवत होतो.

तेव्हापासून आमच्यात खुणा ठरल्या. लग्नात समोरून कुणी "ओळखलं का?" म्हणत आलं, की दादा पाठीमागे पाची बोटं पसरायचा. म्हणजे तारा, काहीच आठवत नाही, नंद्या सांभाळ. एकच बोट वर असलं, तर प्रश्नचिन्ह, थांब, थोडंच अडलंय, येतंय.

मग त्याच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, नावं गेली. शेवटचा भेटलो तेव्हा वहिनीनं विचारलं, "कोण आलंय, ओळखलंत का?" दादा माझ्याकडे बघत राहिला. आता पंजा उघडतो की काय, या भीतीनं मी त्याच्या हाताकडेच बघत होतो. त्यानं एक बोट वर केलं. वहिनी नाव सांगायला गेली, तर मान हलवून नको म्हणाला. मी थांबलो... बराच वेळ थांबलो. नाव आलं नाही. मी चपला घालताना वळून पाहिलं, तरी बोट तसंच वर होतं. हल्ली घरात एकटा असलो, की कुणीतरी मला हाक मारता मारता अडलंय असं वाटतं. मी मूर्खासारखा "ओ" देतो.

परवा त्याच्याकडे गेलो. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू होता. शोधायच्या चौकटीत वहिनीनं काहीच लिहिलं नव्हतं, नुसता तारा. पडद्याच्या कोपऱ्यातलं चित्रातलं पिवळं कुत्रं शेपूट हलवत शोधत होतं आणि दादानं इतक्या वर्षांत टाइप केलेल्या फाइलींची नावं एकेक करून खाली उतरत होती.

"काय शोधतेयस वहिनी?"

"काही नाही. रोज संध्याकाळी लावते."

"भलतंच काय... बंद करू का?" मी माउसकडे हात नेला.

पडद्यावरची नजर न काढता वहिनीनं एक बोट वर केलं.

मी थांबलो.