कुरडयांच्या दिवशी खाली बसलेल्या दोघी

नांदेडच्या विद्यापीठात परदेशातून आलेल्या आरोग्याच्या लोकांसाठी एक अभ्यासवर्ग चालतो. नेपाळ, बांगलादेश, आफ्रिकेतले देश, कुठून कुठून नर्सा आणि डॉक्टर येतात. आधी नांदेडला शिकतात आणि शेवटचा आठवडा आमच्या गावात, चाकूर तालुक्यात, लोकांच्या घरी राहतात. कुणाला कोणत्या घरी ठेवायचं, कोण तिखट खात नाही, कुणाकडचा संडास धड आहे, पाणी उकळून कोण देईल, हे सगळं मी बघते. विद्यापीठातल्या मॅडम मला गावची समन्वयक म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. पण पाहुण्यांची सोय लावता येते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

माझी धाकटी जाऊ एकाच अंगणात, पलीकडच्या दोन खोल्यांत राहते. तिची जीभ फार चालते. पहिल्या वर्षी मी घरोघर सांगत फिरले तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "आल्या आमच्या कलेक्टरीणबाई. अक्का, पाव्हण्यांसाठी कोंबड्यांनाबी आंघोळ घालायची का?" गल्ली हसली. मीही हसले, पण कोंबड्या खरंच दोन दिवस डालून ठेवल्या होत्या.

त्या पहिल्या वर्षी माझं नियोजन पार फसलं. पाहुणे घरोघर जाऊन बायकांच्या तब्येतीबद्दल विचारणार होते. पाहुणा म्हणजे पाहुणा, म्हणून मी समाजमंदिरातून खुर्च्या आणून प्रत्येक घराच्या ओसरीत मांडल्या. झालं काय, की समोर घरचा कर्ता माणूस येऊन बसायचा. बाई चहा घेऊन यायची आणि चौकटीला टेकून उभी राहायची. प्रश्न बाईला, उत्तर नवऱ्याचं. तो म्हणायचा, आमच्या घरात काही तक्रार नाही. बाई मान हलवायची, समदं बरं हाय. एक नेपाळी डॉक्टर इतका चहा प्यायला की दुपारनंतर घर दिसलं तरी त्याची पावलं जड व्हायची. शेवटच्या दिवशी अभ्यासवर्गातर्फे लातूरहून डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गल्लीत आल्या. बायकांनी बीपी तपासून घेतला, गुडघे दाखवले आणि घरी गेल्या.

दुसऱ्या वर्षी पाहुणे यायच्या आधी मॅडमचा फोन आला. आवाज गोडच होता, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, बायका बोलत नसतील तर या लोकांना शिकायला काही उरत नाही. यंदा बघू. नाहीच जमलं तर पुढच्या वेळी शिरूर अनंतपाळकडचं एखादं गाव घ्यावं लागेल."

मी हो म्हणाले. या कामाच्या आधी मी लातूरच्या पुढे गेले ती फक्त लग्नकार्याला, तीही कुणाच्या तरी मागे. आता मी बैठकीला एकटी एसटीने नांदेडला जात होते, विद्यापीठाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसत होते. मी तिथे काही बोलत नसे, पण माझी खुर्ची तिथे असे. आणि गाव गेलं की डॉक्टरीणबाईंची गाडीही जाणार होती. दारात आलेल्या डॉक्टरिणीकडे जायला बाईला कुणाची परवानगी लागत नाही. लातूरला जायला लागते.

पाहुणे होळीनंतर येणार होते, म्हणजे ऐन कुरडयांच्या दिवसांत. भाकरी थापताना माझ्या मनात आलं, की आपणही बोलतो ते अशा वेळीच. हात कामात असले, डोळे परातीत असले, की तोंडातून शब्द निघतो. कुरडयांना गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या गच्चीवर जमतात. तिथे पुरुष फिरकत नाही. खुर्च्या नकोतच, असं मी ठरवलं. पाहुण्या बायकांना गच्चीवर न्यायचं, हातात सोऱ्या द्यायचा. गप्पा आपोआप होतील.

त्या वर्षी पाहुण्यांत तिघी बायका होत्या. त्यातली मलावी नावाच्या देशातली नर्स माझ्या घरी उतरली. उंच, अंगाने भरलेली, पण माझ्यासारखीच अबोल. सोबत इंग्रजी-मराठी बोलणं उलटून सांगायला लातूरच्या नर्सिंग कॉलेजातली एक मुलगी होती, ती मला मावशी म्हणायची.

सकाळी उजाडताच गच्चीवर मांडलेल्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. गव्हाचा चीक शिजवणं सोपं नाही. एकीने ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने सारखं घाटायचं. जरा हात थांबला की गुठळ्या. घाटायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्या जमल्या आणि सासूबाई वर आल्या. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "इचार गं त्यांना, कुनी बाजूला हाय का. चीक नासंल."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडे पाळीतली बाई वाळवणाजवळ येत नाही. घरच्या बायकांना ते सांगावं लागत नाही, त्या आपोआप खाली थांबतात. पण पाहुणीला कुणी असं विचारतं का? गल्लीतल्या वाण्याची बायको पाहुण्यांच्या बाजूने बोलली, की आम्ही लिंगायत, आमच्यात हे पाळत नाहीत. मग पातेल्याकडे बघून हळूच म्हणाली, चिकाच्या बाबतीत मात्र आम्हीही भितो. मुलीने लाजत लाजत इंग्रजीत विचारलं. मलावीच्या नर्सने वर्गात करतात तसा सरळ हात वर केला. सासूबाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. ती उठली, चपला हातात घेतल्या आणि खाली गेली.

खाली लिंबाच्या झाडाखाली माझी जाऊ पोत्यावर बसली होती. तीही त्या दिवशी बाजूलाच होती.

मला पातेलं सोडता येत नव्हतं. दांडा फिरवत होते आणि जीव सगळा खाली होता. परक्या देशातून आलेली बाई, माझ्या घरची पाहुणी, आणि आम्ही तिला पोत्यावर बसवली. ती नांदेडला जाऊन हे सांगणार, मॅडम ऐकणार, आणि संपलं. मी त्या मुलीला म्हणाले, तू जा बाई खाली, निदान बोलायला तरी कुणी असू दे. मुलगी गेली. गच्चीवर बाकीच्या दोघी पाहुण्यांना सोऱ्या दिला. त्यांच्या कुरडया पसरट झाल्या, बायका पोट धरून हसल्या, सुनांच्या चहाड्या झाल्या, एकीच्या माहेरच्या लग्नाची अख्खी हकिगत झाली. तब्येतीचा एक शब्द निघाला नाही. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी कान देत होते. भाषा उलटून सांगणारी तर खालीच होती.

काम उरकल्यावर गरम चिकात तूपसाखर घालून मी दोन ताटल्या खाली नेल्या. दुरून ठेवून मागे फिरावं, असं मनात होतं. पण जाऊ नर्सच्या हातावर हात ठेवून बोलत होती. आमची ही बोलकी बाई, पण या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला बघून तिने पोत्यावर सरकून जागा केली. मग म्हणाली, "बस अक्का. तू बी ऐक. माझी पाळी थांबतच न्हाई गं. चार दिस बरे जातेत, की पुन्हा सुरू. मागल्या कुरडयांच्याबी आधीपासून."

मला आठवलं, मागच्या वर्षीही ती खालीच होती. नागपंचमीला, गौरीला, देवाच्या कामाला, कुठेच ती हात लावत नव्हती. मी समजले होते, कामाचा कंटाळा करते.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस. तिने जमिनीवरची काडी उचलली आणि मोडली. "सांगून काय होतंय? पिशवी काढा म्हनतेत. पलीकडच्या गल्लीतल्या दोघींची काढली, त्या अजून कंबर धरून चालतेत." मग तिने नर्सकडे बघितलं. "ही पाव्हणी असून माझ्याजवळ पोत्यावर येऊन बसली. वर बसली असती, तर हिलाबी म्या समदं बरं हाय म्हनले असते."

नर्सने औषध वगैरे काही सांगितलं नाही. ती विचारत राहिली आणि मुलगी सांगत राहिली. मधेच तिने स्वतःच्या गावाचं सांगितलं. तिकडे पाळीतल्या बाईने कालवणात मीठ घालायचं नसतं म्हणे. जाऊच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिची थट्टेखोर जीभ जागी झाली. "मंग मीठ कोन टाकतंय?" नर्स म्हणाली, घरातल्या लहान पोरीला हाक मारतात. जाऊ म्हणाली, "म्हंजे समद्या घराला कळतंय की." आणि दोघी अशा हसल्या की सासूबाई कठड्यावरून वाकून बघायला लागल्या.

ती गोष्ट गल्लीत कशी गेली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी शेवयांचं काम होतं. मी वर गेले तर बायका निम्म्याच. खाली बघते तर लिंबाखाली एकीला लागून एक बसलेल्या, मधे नर्स आणि ती मुलगी. वाण्याची बायकोही तिथेच. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "का गं, आज समद्याच बाजूला?" कुणी वर बघितलं नाही. मग त्या मला म्हणाल्या, चल, आपण आहोत तेवढ्या मिळून जमतील तेवढ्या करू.

डॉक्टरीणबाईंची गाडी आली तेव्हा जाऊ सगळ्यांत पुढे होती. त्यांनी तपासून लातूरच्या सरकारी दवाखान्यात बोलावलं. दीर म्हणाले, सुगी चालू आहे, नंतर बघू. मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "सुगी तुम्ही बघा. मी तिला घेऊन जाते." एवढंच. घसा कोरडा पडला, पण बोलून झाल्यावर. लातूरला सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. पिशवीत लहानशी गाठ निघाली, ती वाईट नव्हती. पिशवी काढायची आत्ता गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या दिल्या. अंगात रक्त फारच कमी होतं, त्याच्याही दिल्या. लगेच काही फरक पडला नाही. मधे एकदा तिने गोळ्या ठेवून दिल्या, मी पुन्हा सुरू करायला लावल्या. पावसाळा सरता सरता तिच्या चेहऱ्यावर रंग आला आणि गौरीला तिने स्वतः पुरण वाटलं.

त्याच्या बरंच आधी, गावचा आठवडा संपताच नांदेडला अभ्यासवर्गाचा समारोप झाला, तेव्हा नर्स लिंबाच्या झाडाबद्दल बोलली. मला इंग्रजी कळलं नाही, पण हाताने तिने पोतं दाखवलं ते कळलं. मॅडमनी मला उभं केलं आणि विचारलं, पुढच्या वर्षीसाठी काय काय लागेल. मी म्हणाले, "खाली एक सतरंजी लागंल." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ताई, गाव तेच राहील.

यंदा पाहुणे पुन्हा कुरडयांच्या दिवसांत आले. सासूबाईंचा नियम होता तसा आहे, तो मी मोडायला गेले नाही. लिंबाखाली मात्र मी सतरंजी घातली, पाण्याची घागर ठेवली आणि नव्या पाहुण्यांना आधी तिथेच नेलं. जाऊ आता बरी आहे. पहाटे तिने माझ्याबरोबर चीक घाटला, तोही माझ्यापेक्षा जोरात. पहिला घाणा शिजून उतरला तसा तिने दांडा माझ्या हातात दिला आणि पदर खोचून जिना उतरायला लागली.

मी म्हणाले, तू कुठे चाललीस, तू तर आज बाजूला नाहीस.

"वर काय हाय अक्का, नुसता चीक," ती म्हणाली. "बायका खाली हायत."

हे लिहिते आहे हे मी तिला सांगितलं. म्हणाली, लिही, फक्त नाव घालू नको. म्हणून कुणाचंच घातलं नाही.