मामानं विचारलं होतं, टाईट का ढिली

मामा ज्या मुठीमुळं गेला ती मूठ मी बनवली होती.

आणि ती फुटायच्या आधी मी तिचा आवाज ऐकला होता. फोनवर.

आज वर्ष झालं. दुपारी हर्सूलला शेडपाशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. सकाळपासून सगळ्यांनी मामाचा तोच फोटो टाकलाय, भुशानं भुवया पांढऱ्या झालेला. मागच्या वर्षी मीपण टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'अपघातानं नेलं.'

अपघात नव्हता.

मामा माझा सख्खा मामा नाही. बारावी अर्धी सोडून मी फिरत होतो, कधी केटरिंग, कधी टेम्पोवर. एकदा टेम्पो त्याच्या शेडपुढं पंक्चर झाला. तिथं थांबलो ते दोन वर्षं. एवढा मी आजवर कुठंच थांबलेलो नाही.

मामाचा लाकूड कातायचा लेथ होता. लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याचे खांब. कातायच्या पटाश्या मामा जुन्या कानशी घासून करायचा. त्यांच्या मुठीपण स्वतःच कातायचा.

"दुसऱ्याच्या मापाची मूठ म्हंजे दुसऱ्याची चप्पल," म्हणायचा.

लेथच्या पटाशीला मूठ लांब लागते. मामाचं माप ठरलेलं, मनगटापासून कोपरापर्यंत. तोंडाला पितळी नळीची रिंग, लाकूड फाटू नये म्हणून. आत भोक, त्यात पटाशीचं टोकदार शेपूट ठोकून बसवायचं.

कंपनीत प्रेस मशीनवर मामाचे कान गेले होते. मोठ्यानं बोललेलं कळायचं, बारीक फरक कळायचा नाही. त्यात शुगरनं बोटं सुन्न. म्हणजे मूठ ढिली झाली तर ना कानाला कळणार, ना हाताला.

ते काम माझं.

रोज सकाळी लेथ चालू करायच्या आधी तो एकेक पटाशी लोखंडी फळीवर ठोकायचा. घट्ट असली की टण्ण. ढिली असली की थप.

"टाईट का ढिली?"

"टाईट."

"ही?"

"टाईट."

अशा नऊ. ढिली निघाली की ती मूठ सरळ चुलीत. दुरुस्ती नाही, दया नाही.

मग मीपण एक मूठ केली. बाभळीची. मामाची लाकडं खाटेखाली वर्षभर वाळायची. मला वर्षभर दम कुठला. तलावाकडं पडलेल्या बाभळीची फांदी आणली आणि दीड महिन्यात लेथवर चढवली.

मामानं ती गालाला लावली.

"वल्ली हाय."

"मग चुलीत?"

त्यानं हात लांब करून मनगट ते कोपर मोजलं. मी त्याच्याच मापाची केली होती.

"ऱ्हाऊ दी. वाळंल तशी आकसंल, फाटंल. पर तू हाईस ना ऐकायला."

मी होतो. आणखी दोन महिने.

मग सोयगावला दोस्तानं चहाची गाडी टाकली. म्हणला, चार दिवस ये. चार दिवसांचा महिना झाला. मामी सकाळीच शाळेत खिचडी शिजवायला जायची, म्हणून मामा मला फोन करायचा. फोन फळीवर ठेवायचा अन् एकेक पटाशी ठोकायचा. मी सोयगावातनं ओरडून सांगायचो.

"तुझ्या मामाचं काय रेडिओ स्टेशन हाय का बे?" दोस्त हसायचा.

त्या दिवशी आम्ही वेताळवाडीच्या किल्ल्यावर निघालो होतो. (किल्ला भारी आहे, कधीतरी जाऊन या. असो.) दोस्त गाडीवर बसून हॉर्न मारत होता. फोन आला.

सहा टण्ण.

सातवी थप.

सातवी माझी होती.

ढिली म्हणलं असतं तर ती चुलीत गेली असती. आयुष्यात मी शेवटपर्यंत केलेली एकच गोष्ट. वाटलं, रविवारी जाऊ, रिंग बदलू, मामाला कळायच्या आत.

"टाईट," मी ओरडलो.

"नक्की?"

"नक्की, मामा."

"मंग टिकली की रं तुझी," तो म्हणला. खूश होता.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मूठ उभी फाटली. लोखंडाचं शेपूट तळहातात घुसलं. मामानं फडकं गुंडाळलं आणि हातातलं लाटणं पूर्ण केलं. दुखतच नव्हतं त्याला. रविवारी मी गेलोच नाही. मामीला तिसऱ्या दिवशी वास आला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा हात काळा पडला होता. मनगटापासून कोपरापर्यंत.

मामा छताकडं बघत म्हणला, "फुटायच्या आदी वाजली असंल की रं. वाजल्याबिगर फुटत नाय."

मी सलाइनचे थेंब बघत बसलो.

चार दिवसांनी तो गेला.

तेव्हापासून मी जेवायला गेलो की मामी म्हणती, "तू हितं असतास तर तुला ऐकू आलं असतं रं." आणि माझ्या ताटात एक भाकरी जास्त टाकती. वर्षभर ती भाकरी मी खातोय.

परवा म्हणली, "लेथ इकत नाय मी. तू चालव. आठ पटाश्या हायत अजून."

त्या रात्रीच बॅग भरली.

आत्ता क्रांती चौकात उभा आहे. बॅग पाठीवर. इथनं स्टँडला जाणारी रिक्षा मिळते, हर्सूलला जाणारीपण.

हर्सूलची थांबवलीय. पोस्ट टाकून बसतोय.

मामीला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी तिला हे सांगायच्या आत मी पोचतो. मीच वाचून दाखवीन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. त्यानंतर ती लेथ देईल का हाकलून देईल, ते तिच्यावर.

मामा, सातवी ढिली होती.

जय भीम.