गरम झाली की रुसणारी नंबर तीन

हिवाळी सरावासाठी आमची तुकडी सस्काचेवानच्या उत्तरेला गेली, तेव्हा मी कॅनडाच्या राखीव फौजेत कॉर्पोरल होतो. काम व्हेइकल टेक्निशियनचं. एरवी सस्काटूनच्या एका खाणकंपनीत इंजिनिअर. नागपूरच्या उन्हात वाढलेला भोयर उणे तीसमध्ये स्नोमोबाइल दुरुस्त करतो, याची पोरांना भारी गंमत वाटायची. मला त्याहून जास्त वाटायची. बिघडलेलं इंजिन दिसलं की माझे हात शिवशिवायचे.

तीन स्नोमोबाइलपैकी नंबर तीन नखरेल. सकाळी कडाक्याच्या थंडीत एका ओढीत सुरू. पण गरम झाल्यावर बंद केली, की दोरी ओढून खांदा निखळायची वेळ यायची. आयडलवर, म्हणजे जागच्या जागी नुसती सुरू ठेवली, तर धूर ओकत विझायची. पोरांनी आयडलचा स्क्रू पिळून ठेवला होता आणि दिवसभर इंजिन बंद करायचंच नाही, असा जालीम उपाय शोधला होता. आमचे प्रमुख सार्जंट डग पीटर्स म्हणायचे, "सकाळी सुरू होते ना? मग हात लावू नकोस."

एका दुपारी आम्ही दाट झाडीत थांबलो. बाकीच्या दोन गाड्या रसद आणायला गेल्या. पेट्रोल भरण्यासाठी नंबर तीन बंद केली होती. मागची स्लेज सोडता सोडता सार्जंट गुडघ्यांवर बसले. चेहरा पांढराफटक, मूठ छातीवर. आमची मेडिक प्रायव्हेट रॉय हिने नाडी पाहिली आणि थेट रेडिओ उचलला.

"झीरो, धिस इज टू-ब्राव्हो. वन कॅज्युअल्टी. चेस्ट पेन. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"टू-ब्राव्हो, झाडीत लँड करता येणार नाही. गोठलेल्या तळ्यावर आणा. अर्ध्या तासात पोहोचतोय. ओव्हर."

तळं सहा किलोमीटरवर. सार्जंटना स्लेजवर बांधलं. रॉयने चोक लावून दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

"चोक नको!" मी ओरडलो.

"तो ऑफच केलाय आता!"

ऑफ केलेला होता खरा. पण त्याची केबल तारेसारखी ताणलेली. बोटाने दाबली तर तसूभर हलेना. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! चोक कधी पूर्ण बंद होतच नव्हता, जादा पेट्रोल आत जातच राहायचं. गार इंजिनाला जादा पेट्रोल हवंच असतं, म्हणून सकाळी ती शहाणी. गरम इंजिन त्याच पेट्रोलात बुडत होतं. इतके दिवस आम्ही ज्या गुणाचं कौतुक करत होतो, तोच तिचा रोग.

"भोयर, किती वेळ?" सार्जंट कण्हत म्हणाले.

"पाच मिनिटं, सार्जंट."

"केबल मीच आवळली होती. लवकर सुरू व्हावी म्हणून."

"सुरू व्हायची की लवकर. बोलू नका आता."

केबल सैल केली. प्लग काढले, ते ओलेचिंब. थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी ओढत राहिलो, आतलं पेट्रोल उडवून टाकलं. नवे प्लग बसवले. एक ओढ, आणि इंजिन गरजलं! पिळलेल्या आयडलमुळे गाडी आपोआप पुढे सरकू लागली. मी स्क्रू मागे फिरवला. आवाज खाली आला आणि तिथेच ठरला. इतका सुरेल आयडल मी आजवर ऐकला नाही. आम्ही निघालो.

हेलिकॉप्टर तळ्यावर उतरताना आम्ही पोहोचलो. सार्जंट शुद्धीवर होते. हेलिकॉप्टर उडाल्यावर रॉय आणि मी बर्फात वेड्यासारखे नाचलो. अजून त्याची लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सार्जंट इस्पितळात वारले.

अंत्यविधीला त्यांच्या बायकोने, लिंडाने, मला बाजूला घेतलं. मी सॉरी म्हणायला लागलो, तिने थांबवलं.

"मी पोहोचले तेव्हा तो जागा होता," ती म्हणाली. "रात्रभर बोललो आम्ही. बेसमेंटमधल्या फर्नेसचा फिल्टर बदलला नाही म्हणून मला रागावला. मीही भांडले. मग हसलो दोघं."

तिने माझा हात घट्ट धरला. "ती रात्र मला मिळाली, कॉर्पोरल."