किंचाळणारी कॅसेट

१९८८ साल. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, आणि आष्टीत माझं कॅसेटी भरून द्यायचं दुकान. आता म्हातारपणी, परवा दवाखान्यात सुई टोचायच्या आधी नर्सबाईनं स्पिरिटचा बोळा दंडाला घासला आणि ते सगळं दुकान नाकात शिरलं. टेपचं हेड, कॅसेटीची फीत जिथं घासते तो भाग, मी रोज स्पिरिटनंच पुसायचो.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या रशीदला भावानं दुबईहून कॉम्प्युटर धाडलेला. त्या कॉम्प्युटरचा खेळ विलायती कंपनीनं गाण्याच्या असतात तसल्याच कॅसेटीत भरून विकलेला. रशीदला त्याची कॉपी पाहिजे होती. कॅसेट टेपवर लावून बघितली, तर नुसतं किंचाळणं. असला आवाज माझ्या दुकानातून बाहेर कसा जाईल? मी चिरका ट्रेबल उतरवला, घुमणारा बास चढवला, लई गोड करून दिली.

संध्याकाळी रशीद परत आला. "काय बे, खेळ चालंना!"

"तुझं मशीनच बहिरं हाय."

"मशीनला ते किंचाळणंच लागतं, उस्ताद. त्या आवाजातच खेळ भरलेला असतो, गाणं न्हाई ते."

आता नातवाच्या फोनात खेळ गुपचूप उतरतात, पण तो 'उस्ताद' अजून टोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार जागा व्हायच्या आधी दुकान उघडलं, हेड पुसलं, आणि ट्रेबल-बासच्या बटणांकडं जाणारे दोन्ही हात मांडीखाली दाबून ते किंचाळणं शेवटपर्यंत जसंच्या तसं भरलं.