माळवीत रॉक?

दर डिसेंबरात आमची चौकडी राऊ गावातल्या पोहेवाल्याकडे बसून वर्षाच्या बेस्ट रॉक अल्बमवरून भांडते, आणि दर वर्षी चौघांतला हा एक माणूस माझं डोकं फिरवतो. चाळिशी उलटली तरी अंगात कवटीवाला काळा टी-शर्ट. कुणीही गाणं लावलं की याचं बोट स्क्रीनवर. गाणं ओढत ओढत थेट गिटारच्या सोलोवर नेतो आणि निकाल देतो, "चलताऊ आहे, भिया."

यंदा मी परदेशीपुऱ्यातल्या एका बँडचा अल्बम सुचवला. सगळी गाणी माळवीत, म्हणजे आमच्या इथल्या बोलीत, आणि अशी चिडलेली की अंगावर काटा येतो. यानं ती ऐकलीसुद्धा नाहीत. "माळवीत रॉक? पागल आहे का तू? ही भाषा बाजारात झगडायला ठीक आहे."

मी राग गिळतोय तोच बाहेर एका स्कूटरवाल्यानं याची उभी बाइक पाडली. प्लेट ठेवून हा धावला. "आंधो हे कंई? थारा बाप को रस्तो हे?" अस्सल माळवी, घसा फाडून, एकेक शिवी ठेक्यात. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते.

परत येऊन त्यानं प्लेट उचलली. मी म्हटलं, "त्या अल्बममध्ये हेच आहे. फक्त मागे ड्रम वाजतो."

त्यानं पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला, जरा विचार केला. "तरी पण भिया, इंग्लिशमध्ये पाहिजे होतं."

"मग त्या स्कूटरवाल्याला इंग्लिशमध्ये का नाही झापलंस?"